सायलेन्सर कुठला घ्यायचा: कंपनीचा जुना की बाजारातला नवा?

नमस्कार. मागे उभे असलेल्यांनी पुढे या, भिंतीकडेला जागा आहे. विषय इथल्या प्रत्येकाच्या घरचा आहे. जावा, येझदी, यामाहाची आरएक्स, बुलेट, जी काही जुनी गाडी पुन्हा उभी करताय, तिला सायलेन्सर कंपनीचा जुना शोधायचा की बाजारातला नवा बसवायचा? माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर तेल जाळणारी, असेल तर आतून शाबूत असलेला जुना, मग तो वरून कितीही कळकट दिसो. का, ते सांगतो. पण त्याआधी एक तक्रार आहे. ती मी जिथे माइक मिळेल तिथे करतो.

आपल्याकडची गॅरेजं जुना सायलेन्सर गिऱ्हाइकाला न विचारता भंगारात टाकतात.

परळला आमच्या ओळखीचे एक काका आहेत, गिरणी कामगार. १९८२च्या संपात सगळं गेलं, पण त्यांनी येझदी विकली नाही. त्यांच्या मुलाने हौसेने ती एका गॅरेजला दिली. आली तेव्हा नुसती झळाळत होती. चाळीतली पोरं तिच्यात तोंड बघून भांग पाडत होती! मग बापलेक निघाले नाशिकला, आणि कसारा घाटात गाडीने मान टाकली. थर्ड गिअरला ओढेना, प्लग काळाकुट्ट. गॅरेजवाल्याने कार्बोरेटरचा जेट बदलला, इग्निशनचे पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, शेवटी रिंगाही बदलल्या. बिल वाढत गेलं, गाडी तशीच. मी काकांना विचारलं, "जुने पाइप कुठायत?" म्हणाले, "अरे, ते सडले होते म्हणाला तो." सडले नव्हते. मी स्वतः पाहिले होते. खालून तांबेरा होता, पण आतली जाळीची नळी धडधाकट होती. किलोवर विकले गेले ते.

मी माझ्याकडची जुनी जोडी चढवली, जेट मूळचा लावला, आणि त्याच घाटात तीच गाडी गुपचूप चढली. मग गॅरेजने बसवलेला नवा सायलेन्सर कापून पाहिला. बाहेरून हुबेहूब. आत मात्र नळी अरुंद आणि भोकं मोजकी. धूर बाहेर पडणार कुठून?

त्यानंतर काकांसाठी जुनी जोडी शोधायला आम्ही कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो, चोर बाजार पालथा घातला. (तिथे जाताना जावा-येझदीचा टी-शर्ट घालू नका, भाव दुप्पट होतो.) मिळाला एकच. दोन सायलेन्सरच्या गाडीला एक घेऊन काय करायचं? जावा-येझदीच्या म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ साली गाड्या निघू लागल्या आणि १९९६ला तो बंद पडला. २०१८ला जावा परत आली, पण ती फोर-स्ट्रोक. म्हणजे भंगारात वितळलेला प्रत्येक पाइप कायमचा गेला. म्हणून गाडी देताना जॉबकार्डवर लिहून घ्या: काढलेला प्रत्येक भाग परत हवा.

आता 'का' ते. टू-स्ट्रोकला धूर सोडायला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व नसतात. पिस्टन खाली आला की धुराचं दार उघडतं, आणि धुराबरोबर पेट्रोल-हवेचं थोडं ताजं मिक्स्चरही बाहेर पळतं. धुराचा धक्का पाइपमधून पुढे जातो, आतल्या आकारावर आपटून उलटा येतो, आणि दार बंद व्हायच्या आत तो ताजा माल परत सिलिंडरमध्ये ढकलतो. दादरला लोकलच्या दारात उभ्या असलेल्याला चढणारी गर्दी आत लोटते ना, तसं. ही विद्या पुढे नेली पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेनने. १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनातून लिटरमागे २०० हॉर्सपॉवरच्या हिशेबाने ताकद निघत होती. त्याच वर्षी त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी देश सोडून पळाला, ही विद्या घेऊन सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ला सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद घेतलं. येझदीचा पाइप काही रेसचा नाही, पण त्याची लांबी, पोटातली जागा आणि आतली नळी त्या इंजिनाशी जुळवूनच ठरवलेली आहे.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. मुख्य भाग राहिलाच, भराभर सांगतो.

जुना घेताना आधी हलवून बघा. आत खडखडलं तर नळी सुटलीय. तळाच्या जोडावरून अंगठा दाबत न्या, पत्रा दबला तर सोडून द्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ते तळाशी साचतं आणि पाइप आतून खातं. टू-स्ट्रोकमध्ये धुरातलं तेल आतून लेप देतं, म्हणून ते पाइप चोंदतात पण टिकतात. बुलेट फोर-स्ट्रोक, तिला हे कवच नाही, म्हणून तिला चांगला नवा बिनधास्त घ्या, फक्त आवाज मूळचाच ठेवा.

कार्बन काढायला पेटवू नका, क्रोम निळं पडतं. कॉस्टिक सोडा वापरा, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ॲल्युमिनियमपासून लांब. क्रोम प्लेटिंगला देण्याआधी गंजाची भोकं ब्रेझिंगने, म्हणजे पितळेच्या जोडकामाने, बुजवा. बफ मारताना पत्रा झिजतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा प्लेटिंग नको. निकेलचा थर जाड मागा, गंज तो अडवतो. वरचं क्रोम अगदीच पातळ असतं.

नवाच घ्यावा लागला तर जुना बरोबर न्या. लांबी, तोंडाचा व्यास आणि आतली नळी समोरासमोर ताडून बघा. दुकानदार नळी काढू देत नसेल तर निघा. नळकांडं सडलेलं पण नळी चांगली असेल, तर जुनी नळी नव्यात बसते का ते बघा. येझदीत बऱ्याचदा बसते.

हॉल रिकामा करायचाय. जे पाइप घेऊन आलेत त्यांनी खाली फाटकापाशी थांबा, माझ्याकडे टॉर्च आहे.