गल्ला गुगलचाच

(फोनचा पडदा. प्ले स्टोअरमध्ये ॲपचं नाव टाइप होतं. खाली काहीच येत नाही.)

नाव बरोबर टाइप केलंय. ॲपच जागेवर नाही. १ मार्च २०२४. शादी डॉट कॉम, नोकरी, ९९ एकर्स, कुकू एफएम अशी भारतीय ॲप गुगलनं प्ले स्टोअरवरून उतरवली. ज्यांच्या फोनमध्ये आधीच होती त्यांची चालू राहिली, पण अपडेट बंद. फोन बदलला की ॲप गेलं.

(बिलाचा पडदा, जवळून. दोन बटणं.)

भांडण आहे ते या पडद्याचं. इथलं गुगलचं कमिशन या कंपन्या भरत नव्हत्या. जेवण मागवा, रिक्षा बोलवा, गुगल पैसे मागत नाही. ऑडिओ कादंबरी किंवा सदस्यत्व विकलं की मागतं. सदस्यत्वावर कमिशन १५ टक्के. आधी बिलिंगही गुगलचंच लावायची सक्ती होती. त्यासाठी ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड ठोठावला. मग हे दुसरं बटण आलं, ॲपवाल्याचं स्वतःचं.

आता हिशेब. सदस्यत्व १०० रुपयांचं. गुगलच्या बटणावर बोट पडलं तर कमिशन १५ रुपये. दुसऱ्यावर पडलं तर ४ रुपयांची सूट, म्हणजे ११. पैसे गुगलच्या हातून गेलेच नाहीत, तरी ११! पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या सेवेचा, खर्च ॲपवाल्याचा. तो २ रुपये धरा. झाले १३. वाचले दोन. त्या दोनासाठी प्रत्येक व्यवहाराची खबर २४ तासांत गुगलला कळवायची, परतावे आणि तक्रारी आपणच निस्तरायच्या. गेटवेचा खर्च ४ टक्क्यांच्या पुढे गेला, तर पदरचे घालायचे.

(संगणकावर वेबसाइटचं पान.)

किंवा ॲपमध्ये काही विकायचंच नाही, सगळं वेबसाइटवर. कमिशन शून्य. फक्त ॲपमधून त्या पानाची थेट लिंक द्यायची नाही. पत्ता सांगा, दार उघडून देऊ नका.

(सर्वोच्च न्यायालयाची इमारत.)

या कमिशनविरुद्ध लढणाऱ्या कंपन्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयात हरल्या होत्या. ९ फेब्रुवारीला इथंही अंतरिम दिलासा मिळाला नाही. तीन आठवड्यांत ॲप उतरली.

केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांच्या मध्यस्थीनंतर ५ मार्चला गुगल ती परत घ्यायला तयार झालं. मार्च २०२५मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड २१६ कोटी ६९ लाखांवर आणला.

(पुन्हा तोच शोध. या वेळी ॲप दिसतं.)

परत घेतानाच गुगलनं सांगून ठेवलं होतं: सेवाशुल्काची बिलं निघत राहतील, भरायला मुदत तेवढी वाढवून देऊ.