हमिंगबर्डचं आडनाव

नमस्कार, श्रोतेहो. घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत जास्वंदीवर चोच खुपसणारा चमचमता चिमुकला पक्षी दिसला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "तो बघ, हमिंगबर्ड!" तो असतो शिंजीर. हमिंगबर्ड रानात सापडतो फक्त अमेरिका खंडांत, आणि शिंजिराशी त्याचं जवळचं नातं नाही. त्याची खरी भावकी ठाण्यातल्या पुलांखाली आणि इमारतींच्या वळचणीला घरटी करते: आपली काळपट पाकोळी!

रूपावरून नातं ठरवण्यात अभ्यासकही फसले. 'अ‍ॅमाझिलिया' ही हमिंगबर्डची जीनसच घ्या. जीनस म्हणजे शास्त्रीय नावातलं आडनाव. हे आडनाव लेसन या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८४३ साली दिलं. पुढे हिरव्या पाठीचे, मध्यम बांध्याचे कितीतरी हमिंगबर्ड त्याखाली जमा होत गेले.

गोम आहे रंगात. हा हिरवा रंगद्रव्याचा नव्हे. पिसांच्या तंतूंत मेलॅनिनच्या चपट्या चकत्यांचे थर असतात, त्या चकत्यांत हवेचे बुडबुडे. प्रकाश त्यांवरून परतताना रंग उमटतो. थरांची जाडी जराशी बदलली, की हिरव्याचा निळा. नात्याचा पुरावा म्हणून असा रंग कच्चाच.

२०१४ मध्ये संशोधक जिमी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी २८४ जातींच्या डीएनएवरून हमिंगबर्डची वंशावळ मांडली. त्यात अ‍ॅमाझिलियाचे पक्षी भलभलत्या फांद्यांवर विखुरलेले निघाले. मग २०१७ मध्ये स्टाइल्स, रेमसेन आणि मॅकग्वायर यांनी वाटणी केली: काही जाती सॉसेरोटियात, काही क्रायसुरोनियात. नियम असा, की जीनसचं नाव तिच्या नमुना-जातीकडे, म्हणजे ते नाव जिच्याशी बांधलेलं असतं त्या जातीकडे, राहतं. ती होती मेक्सिको ते कोस्टा रिका भागातली दालचिनी रंगाची जात. त्यामुळे पेरूमध्ये लिमाच्या बागांत दिसणारा खुद्द 'अ‍ॅमाझिलिया हमिंगबर्ड' आज अ‍ॅमाझिलियात नाही! त्याचं आडनाव आता अ‍ॅमाझिलिस.

येऊरला दुर्बीण घेऊन जाणारे काही पक्षिमित्र अशा नावबदलांवर वैतागतात. जुन्या पुस्तकांत आपले शिंजीर नेक्टॅरिनिया होते. आता जांभळा शिंजीर सिनिरिस झाला, जांभळ्या कटीचा लेप्टोकोमा. पाठांतराचा त्रास होतो, कबूल. पण पाठांतर सोपं जावं म्हणून चुकीची वंशावळ जपायची, हे मला पटत नाही.

आणि वाटणी काही एका फटक्यात झाली नाही. जांभळ्या टोपीच्या हमिंगबर्डला अ‍ॅमाझिलियातून काढून ल्युकोलिया हे आडनाव दिलं, तेही नियमात बसेना. २०२१ मध्ये रामोसोमिया हे नवं काढावं लागलं. वहीत नाव लिहिताना पेन्सिल वापरलेली बरी.