शवपेटीवरचं लग्न

मंडळी, रोमन कलेतलं लग्न बघायला थेट स्मशानात जावं लागतं. लग्नाची सर्वांत ठसठशीत शिल्पं संगमरवरी शवपेट्यांवर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून पुढच्या.

लग्नात काय काय व्हायचं ते रोमन लेखकांनी सांगून ठेवलंय. वधूचा भांग भाल्याच्या टोकानं पाडायचे. डोक्यावर ज्वालेच्या रंगाचं वस्त्र, कमरेला लोकरीचा पट्टा आणि त्याला हर्क्युलीसची गाठ. ती सोडायची नवऱ्यानं. मग मशालींची वरात, उधळलेले अक्रोड आणि उंबरठ्यावरून उचलून आत नेलेली नवरी. किती चित्रमय आहे हे! पण शिल्पकारांनी यातलं जवळजवळ काहीच कोरलं नाही. त्यांनी एकच क्षण धरला: नवरा-बायकोनं एकमेकांचा उजवा हात हातात घेतलाय, मध्ये एकोप्याची देवी कॉन्कॉर्डिया उभी आहे, नवऱ्याच्या डाव्या हातात बहुधा कराराची गुंडाळी. आपल्याला लगेच पाणिग्रहण आठवतं. पण सप्तपदी झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही, तसं त्या हातात हात घेण्याचं नव्हतं. अल्पियन हा कायदेपंडित साफ सांगतो की लग्न होतं ते संमतीनं. म्हणजे हे विधीचं चित्रण कमी, संसार एकदिलानं झाला याची ग्वाही जास्त.

याला राजाश्रयही होता. अँटोनायनस पायस आणि फाउस्टिना या सम्राट-सम्राज्ञीचे हात जुळलेले नाण्यांवर दिसतात. ओस्टिया बंदरातला एक शिलालेख तर सांगतो की नवविवाहितांनी या दोघांच्या नावच्या वेदीवर पूजा करावी. दांपत्यप्रेमाचा असा सरकारी प्रचार मला तरी गमतीचा वाटतो.

सेनापतींच्या शवपेट्यांवर लग्न एकटं येत नाही. इटलीतल्या मांतुआ शहरातल्या पेटीवर शरण आलेल्या शत्रूला अभय आहे, बैलाचा बळी आहे आणि शेवटी लग्न. दया, धर्मनिष्ठा, एकोपा, अशी ती गुणपत्रिकाच.

रोममध्ये पालाझ्झो मास्सिमो संग्रहालयात पोर्तोनाच्चो या जागेच्या नावानं ओळखली जाणारी पेटी आहे. ती १९३१ साली सापडली. दर्शनी भागावर तुंबळ लढाई, झाकणावर हात धरलेलं जोडपं. बाकी बहुतेक सगळं बारीक कोरलेलं, पण त्या दोघांचे चेहरे मात्र नुसते दगड. पेटी आधी घडवून ठेवायची, चेहरे मागाहून, गिऱ्हाइकाप्रमाणे; इथे ते राहूनच गेले.

अशीच एक लग्नाची पेटी रोमच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये आहे. गुलिएल्मो फिएस्की १२५६ साली वारले, तेव्हा त्यांच्या समाधीसाठी हीच हजार वर्षं जुनी पेटी वापरली. फिएस्की कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे ब्रह्मचारी धर्मगुरू होते. लग्नाचा प्रश्नच नव्हता.