बाइल्सनं माघार घेतली तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

२७ जुलै २०२१. टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिला जिमनॅस्टिक्सची सांघिक अंतिम फेरी सुरू होती. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सनं व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन टेबलावरून झेप घ्यायच्या प्रकारात, एक उडी मारली, थोडा वेळ बाहेर गेली, परत आली आणि उरलेल्या तिन्ही प्रकारांतून तिनं नाव काढून घेतलं. लगेच निवाडे सुरू झाले. भित्री आहे, दडपण पेललं नाही, संघाला वाऱ्यावर सोडलं. टेक्सासच्या एका वरिष्ठ सरकारी वकिलांनी तर तिला देशाला लाज आणणारी म्हटलं आणि नंतर जाहीर माफी मागितली. दुसऱ्या बाजूनं कौतुकाचाही पूर आला. पण निंदा करणारे असोत की वाहवा करणारे, बहुतेक सगळे तिच्या स्वभावाबद्दल बोलत होते. ती उडी फार थोड्यांनी नीट पाहिली. आपण ती पाहू.

व्हॉल्टला धावायला जास्तीत जास्त २५ मीटर मिळतात. अमनार नावाच्या या उडीत धावत येऊन टेबलापुढच्या उसळत्या बोर्डाच्या आधी हात टेकायचे आणि अंग असं फिरवायचं की बोर्डावर पाय पडताना पाठ टेबलाकडे असेल. तिथून मागे झेप घेऊन १२५ सेंटिमीटर उंच टेबलावर हात टेकायचे, खांद्यांतून जोरात ढकलायचं आणि वर गेल्यावर ताठ अंगानं एक मागची कोलांटी. ही कोलांटी चालू असतानाच स्वतःभोवती अडीच गिरक्या. हे सगळं सुमारे एका सेकंदात उरकायचं असतं. तेवढ्यात विचार करायला सवडच नसते. कानाच्या आतली तोलाची यंत्रणा, डोळ्यांना ओझरती दिसणारी गादी आणि हजारो वेळा घोटलेली हालचाल, या तिन्हींचा मेळ अंग आपोआप घालतं.

त्या दिवशी तो मेळ तुटला. ठरल्या होत्या अडीच गिरक्या, झाली दीड. ती खोल वाकून उतरली, पुढे मोठं पाऊल टाकून कशीबशी सावरली. गुण मिळाले १३.७६६. अमनारची काठिण्यपातळी, म्हणजे कसरत किती अवघड याचे गुण, तेव्हा ५.८ होती, दीड गिरकीची ५.०. ती पडली नाही, म्हणूनच घरी पाहणाऱ्यांना वाटलं की एवढं झालं तरी काय? झालं हे, की तिनं सोडायचं ठरवलेलं नसताना तिची गिरकी मध्येच सुटली.

जिमनॅस्ट याला ट्विस्टीज म्हणतात. हवेत असताना आपण नेमके कुठे आहोत, वर कुठलं नि खाली कुठलं, याचं भान हरपतं. मनात भीती नसतानाही हे होतं, आणि मन खंबीर केल्यानं ते जात नाही. उलट, जे आपोआप व्हायचं त्यावर जाणीवपूर्वक ताबा मिळवायला जावं, तर बिघाड वाढतो. कधी गिरकी अर्ध्यावर थांबते, कधी नको असताना सुरू होते. उपाय एकच: मऊ गाद्यांवर किंवा फोमच्या खड्ड्यात, अर्ध्या गिरकीपासून पुन्हा घडी बसवायची. त्याला किती दिवस लागतील हे प्रशिक्षकही सांगू शकत नाही. स्पर्धेच्या गादीवर हा प्रयोग केला तर गुडघा जाऊ शकतो आणि मानही. सोव्हिएत संघाची एलेना मुखिना १९७८ची विश्वविजेती. पायाचं हाड पुरतं सांधण्याआधीच तिला सरावाला उतरवलं. जुलै १९८० मध्ये मिन्स्कला सरावात कोलांटी अपुरी पडली, हनुवटीवर आपटून मान मोडली. २००६ मध्ये ती गेली, तोपर्यंत तिला हातपाय हलवता आले नाहीत.

आता संघाला वाऱ्यावर सोडण्याचं. टोकियोत संघ चार जणींचा होता. अंतिम फेरीत प्रत्येक प्रकाराला तिघी उतरत आणि तिघींचे गुण धरले जात. वाईट गुण वगळायची सोय नव्हती. एक पडणं म्हणजे थेट १ गुण गेला, आणि अर्धवट राहिलेल्या कसरतीची काठिण्यपातळी घसरते ती वेगळीच. बार्सवर (वरखाली असलेल्या दोन दांड्यांवर) आणि बीमवर (अरुंद तुळईवर) बाइल्सच्या जागी जॉर्डन चाइल्स उतरली. ऐन वेळी उतरूनही तिनं ते निभावलं, हे कौतुकाचंच. अमेरिकेचे १६६.०९६ झाले, रशियन ऑलिम्पिक समितीचे, म्हणजे त्या नावानं खेळणाऱ्या रशियन संघाचे, १६९.५२८. रौप्य आलं. हवेत दिशा हरवलेली खेळाडू पुढे रेटली असती, तर हा आकडा वाढला असता असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

तेव्हा अमेरिकेचीच जुनी जिमनॅस्ट केरी स्ट्रग हिचं उदाहरण पुन्हापुन्हा दिलं गेलं. १९९६, अटलांटा: घोटा दुखावलेला असताना तिनं दुसरी उडी मारली, ९.७१२ मिळवले, संघाला सुवर्ण मिळालं. तिचं धैर्य खरंच होतं. पण तेव्हा सहा जणींपैकी उत्तम पाच जणींचे गुण धरत. अंतिम बेरीज ३८९.२२५ विरुद्ध रशियाचे ३८८.४०४, म्हणजे ती दुसरी उडी नसती तरी सुवर्ण अमेरिकेचंच होतं. अर्थात उडी मारताना हे कुणाला ठाऊक नव्हतं. शिवाय तिचा घोटा दुखावला होता, तरी हवेतलं भान शाबूत होतं. २०२१ मध्ये स्ट्रगनं स्वतः बाइल्सला जाहीर पाठिंबा दिला.

पुढच्या दिवसांत बाइल्सनं एकेक फेरी सोडली, तीही तिथं बदली खेळाडू येऊ शकेल अशा बेतानं. एका देशाच्या दोघींनाच प्रवेश, या नियमामुळे ऑलराउंड (चारही प्रकारांच्या वैयक्तिक) फेरीबाहेर राहिलेल्या जेड केरीला तिची जागा मिळाली, आणि सुवर्ण सुनीसा लीनं जिंकलं. व्हॉल्टच्या फेरीत मायकेला स्किनर आली आणि रौप्य घेऊन गेली. पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बाइल्सनं ३ सुवर्णं जिंकली म्हणून टोकियोचा निर्णय बरोबर ठरला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ती पुन्हा कधी खेळली नसती तरी तो तितकाच बरोबर होता.

टोकियोत ३ ऑगस्टला ती बीमवर मात्र उतरली. शेवटच्या उतरणीतली गिरकी तिनं काढून टाकली होती. दोन मागच्या कोलांट्या, कमरेत वाकून, गिरकीशिवाय. १४.००० गुण आणि कांस्य.