पेमेंट नोंदवताना स्क्रीन का अंधारते? लॅपटॉपच्या फंक्शन कीज आणि एफएन लॉक

नमस्कार. माझा चुलतभाऊ नाशिकमध्ये अंबडच्या एका वर्कशॉपचे हिशेब पाहतो. नवा लॅपटॉप घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "दादा, टॅली बिघडली." टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेमेंटची नोंद करण्यासाठी एफ५ दाबले की स्क्रीन अंधारायची आणि रिसीटसाठी एफ६ दाबले की उजळायची. पैसे जाताना अंधार आणि येताना उजेड हा हिशेब तसा बरोबरच होता, पण व्हाउचर काही उघडत नव्हते.

टॅलीत काहीही बिघडलेले नव्हते. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर एफ१ ते एफ१० या कळा, म्हणजेच फंक्शन कीज, डाव्या बाजूला दोन उभ्या रांगांत होत्या आणि त्यांना दुसरे कोणतेही काम नव्हते. लॅपटॉपवर जागा अपुरी पडल्यामुळे त्याच कळांवर आवाज, ब्राइटनेस, माइक बंद करणे अशी कामे छोट्या चित्रांच्या रूपाने लादली गेली, आणि घरगुती वापराच्या बऱ्याच लॅपटॉपवर आता ही चित्रांची कामेच आधी चालतात, तर खरी एफ५ हवी असेल तर खालच्या रांगेतली एफएन (Fn) ही कळ धरून ठेवावी लागते. चित्रपट पाहणाऱ्याची त्यात सोय आहे. दिवसभर एफ८ने विक्री आणि एफ९ने खरेदी नोंदवणाऱ्याची, किंवा ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ८ने ऑर्थो (फक्त आडव्या-उभ्या रेषा काढण्याची सोय) चालू-बंद करणाऱ्याची मात्र ती रोजची कटकट होते.

अशा वेळी बहुतेक जण विंडोजच्या सेटिंग्जमध्ये हा पर्याय शोधू लागतात आणि तो तिथे सापडत नाही. एफएन ही कळ सर्वसाधारणपणे विंडोजपर्यंत पोहोचतच नाही. ती दाबली आहे की नाही हे लॅपटॉपमधील कीबोर्ड सांभाळणारी चिप पाहते आणि त्यानुसार विंडोजकडे एकतर "एफ५" असा किंवा "ब्राइटनेस कमी" असा संदेश पाठवते. म्हणून बदल करायचा तो विंडोजच्या खालच्या थरात.

[कॅमेरा कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर]

सर्वांत आधी ही एस्केपची कळ नीट पाहा. तिच्यावर कुलपाचे छोटे चित्र किंवा "एफएन लॉक" अशी बारीक अक्षरे असतील, तर आपले काम दोन सेकंदांचे आहे. डाव्या हाताने एफएन धरून ठेवा, एस्केप एकदाच दाबा आणि मग दोन्ही सोडा. या लॅपटॉपवर कळेतला बारीक दिवा लागला, म्हणजे आता एफ५ ही एफ५ म्हणूनच वागेल. पुन्हा तेच केले की दिवा विझतो आणि चित्रांची कामे परत येतात. भावाचा प्रश्न इथेच सुटला.

असे चित्र नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जावे लागते. लॅपटॉप बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करा, कारण विंडोजची लवकर सुरू होण्याची सोय, फास्ट स्टार्टअप, चालू असेल तर शट डाऊन पूर्ण बंद होणे नसते. सुरू होताना एचपीवर एफ१०, तर डेलवर एफ२ वारंवार दाबत राहावे. एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये सिस्टीम कॉन्फिगरेशनखाली "अॅक्शन कीज मोड" आणि लेनोवोच्या आयडियापॅडमध्ये "हॉटकी मोड" असा पर्याय असतो, आणि गोंधळ नेमका इथे होतो. हा पर्याय "एनेबल्ड" असणे म्हणजे फंक्शन कीज चालू असणे असे लोकांना वाटते, पण एनेबल्ड असतात त्या चित्रांच्या कळा. आपल्याला साध्या एफ कळा हव्या असतील तर तो "डिसेबल्ड" करायचा, एफ१०ने सेव्ह करून बाहेर पडायचे, आणि बायोसमधील दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर पासवर्ड मागितला गेला तर तो आयटीवाल्यांकडेच असतो. अंदाजाने टाकत बसू नये.

मॅकवर हे सोपे आहे. सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स आणि त्यात फंक्शन कीज, इतक्या आत गेल्यावर एकच बटण चालू करायचे असते.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. विंडोजच्या लॅपटॉपला बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवर एफएन लॉकचा किंवा बायोसमधील बदलाचा परिणाम सहसा होत नाही, कारण त्याची चिप त्याच्या आतच असते; त्याचा एफएन लॉक, असल्यास, त्याच्यावरच शोधावा.

लॉक लावल्यानंतर आवाज किंवा ब्राइटनेस हवा तेव्हा एफएन धरूनच मिळतो. भावाला ते चालते. रविवारी मुले कार्टून लावतात तेव्हा ती स्वतःच एफएन आणि एस्केप दाबून दिवा विझवतात, आणि सोमवारी सकाळी पहिल्याच पेमेंटला स्क्रीन पुन्हा अंधारते.