पाडण्याची घाई, बांधण्याची दिरंगाई

श्रोतेहो,

शहराच्या ऐन मध्यावरची, एकेकाळी गजबजलेली जागा वर्षानुवर्षे पडीक का राहते, असे विचारले की बहुधा 'पैसा नाही' असे उत्तर मिळते. मला ते फारसे पटत नाही. मोक्याच्या जागेत पैसा घालायला तयार असणाऱ्यांची सहसा वाण नसते आणि आराखडे तर कपाटे भरून पडलेले असतात. अडते ते सभागृहात. हे कसे घडते ते सांगण्यासाठी आज मी मुख्यतः एकच उदाहरण घेणार आहे, पॅरिसमधल्या 'ले आल' या जुन्या घाऊक बाजाराचे, कारण नगरपरिषदेच्या राजकारणाच्या बहुतेक सगळ्या तऱ्हा तिथे एका जागी पाहायला मिळतात.

हा बाजार बाराव्या शतकापासूनचा. व्हिक्टोर बाल्तार या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे लोखंड आणि काचेचे भव्य मंडप उभारायला घेतले. त्यांपैकी दहा त्याच शतकात झाले आणि उरलेले दोन थेट 1930 च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर वाढले, मालाच्या गाड्या वाढल्या, अरुंद गल्ल्यांत वाहतूक तुंबू लागली आणि अस्वच्छतेच्या तक्रारीही येऊ लागल्या. अखेर राष्ट्रीय सरकारच्या निर्णयानुसार 1969 च्या मार्चमध्ये हा बाजार दक्षिणेकडे, ओर्ली विमानतळाजवळच्या रंजीस येथे हलवण्यात आला.

इथवर कारभार ठीक चालला होता. मोकळ्या होणाऱ्या जागेचे काय करायचे, हे मात्र बाजार हलला तरी ठरलेले नव्हते. तसा प्रयत्न झालाच नाही असे नाही. 1967 मध्ये सहा आराखडे तयार करून घेतले गेले होते आणि पुढच्याच वर्षी परिषदेने ते सगळे नाकारले. या नकारामागे पॅरिसच्या कारभाराची एक विचित्र रचना होती. 1871 च्या कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसकरांनी सरकारविरुद्ध केलेल्या उठावानंतर, या शहराच्या हाती सत्ता दिली तर ती आपल्यावरच उलटेल, या धास्तीने फ्रान्सच्या राज्यकर्त्यांनी पॅरिसला 1977 पर्यंत निवडून आलेला महापौर मिळूच दिला नाही. सभासद निवडून येत, पण अंमलबजावणी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती असे. म्हणजे सभागृहाला 'नाही' म्हणता येत होते; 'हो' म्हणून काम तडीस नेण्याची ताकद मात्र त्याच्याकडे नव्हती. ज्या सभागृहाला फक्त नकाराचा अधिकार असतो, ते आपले अस्तित्व नकारातूनच दाखवणार, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे, आणि यात दोष सभासदांपेक्षा रचनेचा अधिक आहे असे मी मानतो.

रिकाम्या मंडपांत या काळात नाटके झाली, प्रदर्शने भरली. लोकांनी जागा आपली मानली होती आणि मंडप वाचवावेत यासाठी निदर्शनेही होत होती. असे असताना 1971 च्या ऑगस्टमध्ये, निम्मे पॅरिस सुट्टीवर गेलेले असताना, ते पाडायला सुरुवात झाली. भुयारी रेल्वेच्या मोठ्या स्थानकासाठी खोदकाम करायचे आहे, हे कारण खरे होते, खोटे नव्हते. तरीही बाल्तारचे मंडप एकदा गेले ते गेलेच. अंडी आणि कोंबड्यांच्या विक्रीचा आठ क्रमांकाचा मंडप तेवढा सुटा करून शहराबाहेर नोजाँ-स्युर-मार्न येथे पुन्हा उभारला गेला, म्हणून आज तो पाहता तरी येतो. माझा मुख्य मुद्दा इथे आहे. पाडायला एक आदेश पुरतो. बांधायला मात्र परिषद, सरकार, रेल्वे, रहिवासी, व्यापारी आणि पुढच्या निवडणुकीत निवडून येणारी माणसे, एवढ्या सगळ्यांचा होकार लागतो. पहिले काम राजकारणात झटपट होते आणि दुसरे भिजत पडते, कारण रिकाम्या खड्ड्याचा जाब विचारायला नेमका कोणाला धरावे, हे मतदाराला कधीच कळत नाही.

तो खड्डा जगप्रसिद्ध झाला. एका दिग्दर्शकाने तर तिथे अमेरिकेतल्या रेड इंडियन लढायांचा चित्रपट चित्रित केला. तिथे व्यापारकेंद्र उभारण्याची योजना होती. 1974 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी ती रद्द केली आणि बागेला पसंती दिली. त्यानंतर रिकार्दो बोफिल या वास्तुविशारदाचा आराखडा पुढे आला. त्याच सुमारास जिस्कार आणि त्यांचे पंतप्रधान जाक शिराक यांचे बिनसले. शिराक यांनी 1976 मध्ये राजीनामा दिला आणि 1977 मध्ये जिस्कार यांच्या उमेदवाराला हरवून ते पॅरिसचे शतकभरातले पहिले निर्वाचित महापौर झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी बोफिल यांना बाजूला केले आणि या जागेचे मुख्य वास्तुविशारद आपणच, अशा थाटात कारभार हाती घेतला. आराखड्यात त्रुटी असतीलही. पण प्रतिस्पर्ध्याची खूण असलेली वास्तू आपल्या शहराच्या मध्यभागी उभी राहू द्यायची नाही, हे कारण त्रुटींपेक्षा वजनदार होते, असे घटनाक्रम पाहून वाटते. 1979 मध्ये जमिनीखालचे व्यापारी संकुल खुले झाले, आणि वरच्या भागाविषयीचे वाद त्यानंतरही संपले नाहीत.

याच वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर बोबूर येथे पाँपिदू केंद्र हे आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. त्याच्या आराखड्याची स्पर्धा 1971 मध्ये झाली आणि 1977 च्या जानेवारीत त्याचे उद्घाटन झाले. तिथे जागा मोकळीच होती आणि राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांचा निर्णय अंतिम होता. 'मग एकहाती कारभारच बरा', असा निष्कर्ष काही जण यावरून काढतात. मी तो काढणार नाही, कारण बाल्तारचे मंडप याच राजवटीत, तसल्याच झपाट्याने पडले.

शिकागोत तर राष्ट्राध्यक्षाचा संबंधही नव्हता. शहराच्या मध्यवर्ती भागातल्या 'ब्लॉक 37' या चौकोनावर मॅकार्थी बिल्डिंग ही एकोणिसाव्या शतकातली इमारत होती. तिला दिलेला वारसा-दर्जा नगरपरिषदेने 1987 मध्ये काढून घेतला, 1989 मध्ये जवळपास सगळा चौकोन जमीनदोस्त झाला, आणि नवे संकुल उघडायला 2009 उजाडले. मधल्या काळात हिवाळ्यात तिथे बर्फावर घसरण्याचे मैदान असे आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचे कलावर्ग भरत. खाली बांधायला घेतलेले मोठे रेल्वेस्थानक अर्धवटच सोडून देण्यात आले.

या दोन्ही ठिकाणी एक साधी अट पुरेशी ठरली असती: नव्या बांधकामाचा मंजूर आराखडा, त्याचा निधी आणि कंत्राटदाराशी झालेला करार हाती आल्याशिवाय पाडकामाचा परवाना देऊ नये. धोकादायक इमारतीचा अपवाद अर्थातच हवा. पण ती धोकादायक आहे हे त्रयस्थ अभियंत्याने ठरवावे, कारण दुरुस्ती टाळून इमारत धोकादायक होऊ देणे ही मालकांची आणि कधीकधी खुद्द परिषदेचीही जुनी खेळी आहे.

ले आलची दुसरी फेरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 2001 मध्ये महापौर झालेल्या बेर्त्रां देलानोए यांनी जागेचा नव्याने विचार सुरू केला, 2007 मध्ये स्पर्धेतून मोठ्या छताचा आराखडा निवडला गेला आणि ते छत 2016 मध्ये पुरे झाले. काळ याही वेळी लांबलाच. मात्र खालचे स्थानक आणि दुकाने चालू ठेवून टप्प्याटप्प्याने काम झाल्याने तसा खड्डा पुन्हा पडला नाही. उद्घाटन केले ते नव्या महापौर आन इदाल्गो यांनी. त्या देलानोए यांच्याच पक्षाच्या आणि त्यांच्याच उपमहापौर होत्या, हेही विसरू नये. 2014 च्या निवडणुकीत सत्ता विरोधकांकडे गेली असती, तर अर्धे झालेले ते छत त्यांनी आपले मानले असते का, याची मला खात्री देता येत नाही.