रिचर्ड फ्रेथॉर्नचा डगला

श्रोतेहो, अमेरिकेत गेलेले पहिले इंग्रज म्हटले की आपल्याला मेफ्लॉवर जहाज आणि धर्मासाठी देशत्याग करणारी मंडळी आठवतात. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो रिचर्ड फ्रेथॉर्न अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत, ती चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा चाकर म्हणून गेला होता. मार्च-एप्रिल १६२३ मध्ये त्याने आईवडिलांना लिहिलेले एक पत्र कंपनीच्या दप्तरात राहिले, मुख्यतः त्यामुळेच तो आपल्याला माहीत आहे.

जहाजाचे भाडे पदरी नसलेला माणूस काही वर्षांची चाकरी करारावर लिहून देई आणि करार संपेपर्यंत धन्याच्या ताब्यात राही. आपल्याकडून पुढे मॉरिशसला गेलेल्या माणसांमुळे आपण या पद्धतीला गिरमिट म्हणतो. इंग्रजांनी ती दोनशे वर्षे आधी स्वतःच्याच पोरांवर वापरून पाहिली होती.

व्हर्जिनियातले जेम्सटाउन १६०७ मध्ये वसले, पण वसाहतीला पैसा दिसला तो तंबाखूमुळे. जॉन रॉल्फ या वसाहतकऱ्याच्या तंबाखूच्या प्रयोगांनंतर जो तो तंबाखू लावू लागला, पोटाला लागणारा मका मागे पडला, आणि नवे शेत हवे म्हणून तिथल्या मूळ रहिवासी पोव्हाटन लोकांच्या जमिनींवर पाय पसरत गेले. अखेर त्यांचा प्रमुख ओपेचंकनॉ याने २२ मार्च १६२२ रोजी अनेक वस्त्यांवर एकाच दिवशी हल्ला चढवला. त्यात ३४७ वसाहतकरी मारले गेले आणि सर्वांत मोठा घाव बसला तो मार्टिन्स हंड्रेड या वस्तीवर. त्यानंतर काही महिन्यांनी फ्रेथॉर्न याच वस्तीत कामाला लागला. शत्रू आले तर ते तीन हजार आणि आम्ही बत्तीस, असा हिशेब त्याने घरी कळवला आहे. व्यापाऱ्यांसाठी म्हणून आलेल्या वीस जणांपैकी निम्मे तोवर मेलेही होते.

मात्र पत्रात खरी वस्तीला आहे ती भूक. जहाजातून उतरल्यापासून वाटाणे आणि पाणीदार पेज यांखेरीज काही खाल्ले नाही, घरी एका दिवसात जेवढे खात असे तेवढे इथे आठवड्याला मिळत नाही, असे तो लिहितो. हरीण किंवा त्याचे मांस तर इथे आल्यापासून पाहिलेही नाही. दहा मैलांवरच्या जेम्सटाउनला माल आणायला होडीने जावे लागे. पाऊस असो, वारा असो, रात्र होडीतच काढायची, आणि दोन माणसांत एक पाव मिळे, मुक्काम दोन दिवसांचा झाला तरी तेवढाच. तिथल्या जॅक्सन नावाच्या गृहस्थाला त्याची दया आली. त्याने निजायला एक खोपटे बांधून दिले, घरी नेण्यासाठी थोडे मासे दिले, आणि आईबापांनी या पोराला कंपनीच्या चाकरीत धाडलेच कसे, त्यापेक्षा डोक्यात घाव घालून मारला असता तर बरे, असे तो बोलून गेला. हे वाक्य मुलाने जसेच्या तसे आईबापांनाच कळवले आहे. त्यात राग किती आणि विनवणी किती, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

अंगावरच्या कपड्यांची यादीही पत्रात आहे. त्यातला डगला गेला. तो सोबतच्याच एका चाकराने चोरला, आणि त्याचे काय केले हे तो चोर मरेपर्यंत बोलला नाही. पण जहाजावरून लोणी आणि गोमांस घेताना इतरांनी त्याला पाहिले होते. लोण्याची किंमत डगल्याने चुकती झाली असावी, असा फ्रेथॉर्नचा तर्क. शिव्याशाप एकही नाही. उपाशी माणसाने उपाशी माणसाला लुटले, आणि लुटणारा आधी मेला, इतकेच.

त्याचे मागणे एकच होते: मला सोडवून न्या, आणि ते जमत नसेल तर काही खाण्याचे जिन्नस पाठवा, ते विकून येईल ते मी घरी पाठवीन, त्याच्या नफ्यातून मला सोडवा. सोडवणूक झाली नाही. फेब्रुवारी १६२४ मध्ये वसाहतीतल्या जिवंत आणि मृत माणसांची यादी झाली, तेव्हा त्याचे नाव मृतांत होते. त्याच वर्षी कंपनीची सनद रद्द होऊन व्हर्जिनिया राजाच्या हाती गेले.

पाठवायच्या जिनसांत चीज होते. ते चांगले जुने घ्या, पिंपात भरताना दोन वड्यांमध्ये लाकडाच्या ढलप्या घाला, नाहीतर जहाजाच्या तळातल्या उष्म्याने ते नासेल, असे त्याने बजावून लिहिले होते.